मागचे केस मोजकेच आहेत, बेतानं खर्चा

प्रश्न : मॅडम, माझं वय २६, मिहानमध्ये नोकरीला आहे. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले, आता भोवऱ्यावरही टाळू दिसून राहिली. बाबांच्या डोक्यावर फक्त कानाभोवतीची झालर उरली आहे. सहा महिन्यांनी लग्न आहे. एका क्लिनिकवाल्यांनी हेअर ट्रान्सप्लांट करून एकाच दिवसात ४००० ग्राफ्ट (डोक्याच्या मागून मुळांसकट काढलेले केसांचे छोटे पुंजके) लावून शाळेत होती तशी हेअरलाइन देतो म्हटलं. करून घेऊ का? सोबत फोटो पाठवले आहेत.
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : अभिनंदन! पण ही हेअरलाइन नको. लावलेले केस पहिल्या महिना-दीड महिन्यात बहुतेक गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पुन्हा यायला लागतात आणि खरा निकाल दिसायला नऊ ते बारा महिने जातात. अंतरपाट धरला जाईल तेव्हा तुमचं डोकं अर्ध्या वाटेवर असेल.

ते एक वेळ चालेल. खरी अडचण साठ्याची आहे. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत, म्हणून पुढे लावले तरी टिकतात. मात्र जिथून काढले तिथे पुन्हा उगवत नाहीत. अख्ख्या आयुष्यात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात, एकेका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस. आता हिशेब करा. बाबांइतकं टक्कल पडलं तर उघडा भाग सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्राफ्ट धरले तरी ८००० झाले. आणायचे कुठून? मे महिन्यात टाकीत आहे तेवढ्याच पाण्यात कूलरही भरायचा असतो आणि स्वयंपाकही, तेव्हा अंगण धुवायला कोणी पाइप लावत नाही. आज ४००० कपाळावर लावलेत आणि चाळिशीत त्यामागचे तुमचे स्वतःचे केस गेले, तर पुढे दाट पट्टी अन् मागे मोकळं मैदान.

केस ओले करून फोटो काढलेत ते बरं केलंत. मानेलगतचे आणि कानांवरचे केस मला बारीक वाटले. हा भागही पुढे विरळ होणारा असेल तर साठा आणखी कमी धरावा लागेल. डर्माटोस्कोपखाली, म्हणजे त्वचा आणि केस मोठे करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, बघितल्याशिवाय कोणी आकडा सांगत असेल तर उठून या.

सध्या औषधं. मिनॉक्सिडिल, आणि तपासून योग्य वाटलं तर फिनास्टेराइड. काहींना लैंगिक तक्रारी किंवा उदासी जाणवते, म्हणून डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलून मगच सुरू करा. वर्षभर दर तीन महिन्यांनी, त्याच उजेडात फोटो काढा. गळती थांबली तर नंतर फक्त समोरची चौकट भरायची, कोपरे थोडे मागेच ठेवून. भोवरा शेवटी, तो कितीही ग्राफ्ट गिळतो.

आणि क्लिनिकमध्ये एवढं विचारा : ग्राफ्ट काढणार कोण, डॉक्टर की टेक्निशियन? आणि चाळिशीत माझ्यासाठी किती शिल्लक ठेवताय?