हॉलमधलं डायनिंग: टेबल आधी की वाट आधी?

आमचा हॉल १६ बाय १० फुटांचा. सोफा-टीव्हीकडे नऊ फूट गेले, स्वयंपाकघराकडे सात उरले. माणसं चार, पण पाहुणे येतात म्हणून सहा खुर्च्यांचं टेबल घ्यावं असं वाटतं. बसेल का? (पिंपरी)

बसेल, पण मग तुम्हाला वावरायला जागा राहणार नाही. सहा जणांचं टेबल साधारण पाच बाय तीन फुटांचं असतं. दोन्ही टोकांच्या खुर्च्या मागे सरकवायला प्रत्येकी अडीच फूट धरले, तर लांबीतच दहा फूट गेले. उरलेत सात. शोरूममध्ये हे कळत नाही, तिथे टेबलाच्या चहूबाजूंनी मोकळं रान असतं.

चार बाय अडीच फुटांचं टेबल घ्या, लांब बाजू भिंतीला समांतर ठेवा आणि भिंतीलगत सोळा इंच खोलीचा बाक करून घ्या. बाक १६ इंच, टेबल ३०, समोरची खुर्ची ओढायला ३६, असे झाले ८२ इंच. हॉलची रुंदी दहा फूट, म्हणजे १२० इंच. म्हणजे आत-बाहेर करायला तीन फुटांहून जास्त वाट उरते. बाकाखाली खण काढलेत की पापडाचे डबे, जास्तीची ताटं तिथे जातात. पाहुणे आले की टोकाला एक खुर्ची लावा आणि बाकावर पोरांना दाटीवाटीनं बसवा. गौरीच्या जेवणाला तर पंगत खालीच बसते ना?

ऑर्डर देण्याआधी एक करा. टेबलाच्या मापाची वर्तमानपत्रं जोडून जमिनीवर चिकटवा, घरातल्या खुर्च्या भोवती मांडा आणि दोन दिवस तसेच वावरा. कुणी खुर्चीत बसलेलं असताना मागून गरम पातेलं नेताना अंग चोरावं लागलं, तर माप कमी करा.

टेबलावर लटकता दिवा हवा आहे, पण पंखाही तिथेच आहे. (नाशिक)

हा खरा आपल्याकडचा पेच. परदेशी फोटोंमध्ये पंखा नसतो, आपल्याला एप्रिलमध्ये त्याच्याशिवाय घास उतरत नाही. नेहमीच्या पंख्याचा घेर चार फुटांचा, म्हणजे मधल्या दांडीपासून दोन फूट पाती. दिवा पात्यांच्या टोकापासून निदान फूटभर लांब हवा. वायरवर लोंबणारा हलका दिवा घेऊ नका, तो झुलतो आणि सावल्या ताटभर नाचतात. ताठ दांडीचा, जड शेडचा घ्या. शेडची खालची कड टेबलाच्या वर तीस इंचांच्या आसपास ठेवा, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकत नाही.

आणखी एक. फॉल्स सीलिंगमधले दिवे पात्यांच्या बरोबर वर आले, तर प्रकाश कापला जाऊन टेबलावर लुकलुक होते. इलेक्ट्रिशियनला छिद्रं पाडण्याआधीच सांगा. जागा नसेल तर भिंतीवरचा दिवा लावा, ३००० केल्विनचा पिवळसर. पांढऱ्याफटक प्रकाशात आमटीसुद्धा आजारी दिसते.

जेवताना टीव्ही दिसलाच पाहिजे असं सासरे म्हणतात, मला मुलांसाठी तो नको आहे. (ठाणे)

मामंजींची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून, मुलांची पाठ टीव्हीकडे. आवाजाचं मात्र घरातच मिटवा, ते फर्निचरच्या आवाक्यातलं नाही.

बेसिन डायनिंगला लागूनच आहे. कुणी चूळ भरली की जेवणाऱ्याला नकोसं होतं. बेसिन हलवावं का? (कोल्हापूर)

शक्यतो नको. सांडपाण्याच्या नळीला उतार लागतो, तो चुकला की पाणी तुंबतं, आणि जोड गळला तर खालच्या मजल्यावरचे दारात उभे. बेसिन आणि टेबल यांच्यामध्ये पाच फूट उंच, दोन फूट रुंद आडोसा पुरतो. वर छतापर्यंत नेऊ नका, हवा-उजेड अडतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत रेघारेघांची काच बसवा. साधा प्लाय तिथे लावलात, तर शिंतोड्यांनी खालून फुगतो.

टेबलाला संगमरवर की लाकूड? (पणजी)

रोजच्या जेवणाला संगमरवर नको. लिंबू, चिंच, सोलकढी, काहीही आंबट सांडलं की चकाकी जाऊन पांढुरके चट्टे उठतात. ते डाग नसतात, दगडच खाल्लेला असतो. पुसून जात नाही, पॉलिशवालाच बोलवावा लागतो. हळदीचं वेगळंच. सागवान घ्या, किंवा दगडच हवा असेल तर काळा ग्रॅनाइट.