तळाचा एलन बोल्ट नुसता फिरतोय? आधी स्प्रिंग परत आत घाला

जुन्या 100 सीसी गाडीचे पुढचे शॉकअप (म्हणजे फोर्क) खोलताना तुम्ही दोन ठिकाणी अडला आहात. एका बाजूचा तळाचा एलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खोबण असलेला) गरगर फिरतो पण बाहेर येत नाही, आणि दुसऱ्या बाजूचा पाइप खालच्या टीमधून (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या आडव्या भागातून) तसूभरही हलत नाही. पैकी पहिली अडचण क्रम चुकल्यामुळे आली आहे. वरचं झाकण उघडून, स्प्रिंग आणि तेल काढून मग तुम्ही तळाच्या बोल्टला हात घातलात. तो बोल्ट सगळ्यात आधी ढिला करायचा असतो, शक्यतो फोर्क गाडीवर असतानाच.

हा बोल्ट बॉटमच्या, म्हणजे फोर्कच्या खालच्या जाड नळीच्या, बुडातून वर जाऊन डॅम्पर रॉडच्या (झटके शमवणाऱ्या आतल्या नळीच्या) आट्यांत बसतो. रॉड स्वतः कुठेच पक्का केलेला नसतो. डोक्यावर टेकलेली स्प्रिंग त्याला जेवढं दाबून धरते, तेवढाच आधार. स्प्रिंग गेली की बोल्टबरोबर रॉडही फिरतो. म्हणून स्प्रिंग परत घाला, झाकण पूर्ण आवळा, फोर्क उलटा करून झाकण लाकडी फळीवर टेकवा आणि दुसऱ्या माणसाला बॉटम दोन्ही हातांनी खाली दाबून धरायला सांगा. स्प्रिंग जितकी दबेल तितकी रॉडवरची पकड वाढते.

पाना लावण्याआधी बोल्टच्या डोक्यातली खोबण टोकदार सळईने खरवडून साफ करा. तिथे वर्षानुवर्षांचा चिखल दगडासारखा बसलेला असतो, त्यामुळे एलन की अर्धीच आत जाते आणि कोपरे गोल होतात. 8 मिमीच्या बोल्टला बहुधा 6 मिमीची एलन लागते. कडा झिजलेली एल-की नको, चांगला सॉकेट बिट घ्या. बिट बसवून त्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या. त्या धक्क्याने थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) आणि चिकटलेला तांब्याचा वायसर, दोन्हींची पकड तुटते. मग इम्पॅक्ट गन (झटके देत बोल्ट फिरवणारं यंत्र) लावा. तिचे झटके इतके छोटे असतात की रॉडला सोबत फिरायला सवडच मिळत नाही. लांब दांड्याच्या पान्याने हळूहळू जोर वाढवत नेणं हा इथे सगळ्यात वाईट उपाय, नेमका त्यानेच रॉड फिरतो.

एवढं करूनही फिरत राहिला, तर रॉड वरून धरावा लागेल. झाकण आणि स्प्रिंग काढा आणि झाडूच्या दांड्यासारखा लांब लाकडी दांडा टोकाला निमुळता तासून पाइपमधून रॉडच्या तोंडात ठोकून बसवा. काही रॉडच्या तोंडाला षटकोनी खाच असते. तिथे त्याच मापाचं बोल्टचं डोकं लांब सळीला वेल्ड केलेलं बरं.

खोबण आधीच गोल झाली असेल तर किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट ठोकून बघा. तोही फिरला तर 8 ते 8.5 मिमीच्या ड्रिलने फक्त डोकं उडवा. खोबणीमुळे ड्रिल आपोआप मधोमध राहतं. डोक्याची उंची साधारण 8 मिमी असते, त्यापुढे गेलात तर वायसर बसतो ती ॲल्युमिनियमची बैठक खराब होते आणि तिथून तेल गळतच राहतं. डोकं सुटलं की फोर्क वेगळा होतो, रॉडमध्ये उरलेला तुकडा पकडीने निघतो.

आता टीमधला पाइप. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढा. काही गाड्यांत तो पाइपच्या खाचेतूनच आडवा गेलेला असतो. फटीतून आणि वरून गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर राहू द्या. फटीत रुंद स्क्रू-ड्रायव्हर हलकेच ठोकायला हरकत नाही, पण फट केसभर उघडली की थांबा. ओतीव टीला तडा गेला तर ती फेकावीच लागते. पाइप ओढण्याआधी फिरवा, कारण गंजाचा थर फिरवल्यानेच तुटतो. बॉटम धरून पिळण्यात अर्थ नाही, तो पाइपवर नुसता फिरतो. पट्ट्याचा पाना लावा, तोही दोन टींच्या मधल्या भागावर. सील (तेल अडवणारं रबरी कडं) जिथे घासतं तिथल्या क्रोमवर पान्याचे दात उमटले की पाइप बाद.

वरचा बोल्ट टीतून थेट पाइपमध्ये जात असेल तर तो पूर्ण काढू नका. पाच-सहा आटे अडकलेले ठेवा, डोक्यावर लाकडी ठोकळा धरा आणि ठोका. पाइपच्या कडेवर थेट हातोडी मारली तर कड पसरते आणि पाइप टीतून उतरणारच नाही.

गरम करायचंच तर हीट गनने. उघडी ज्योत नको, आणि तेल भरलेला, झाकण बंद असलेला फोर्क कधीच तापवू नका.

सील काढताना आधी नीट बघा: तारेचं लॉक आहे की आट्यांची क्रोम कॉलर? जुन्या छोट्या गाड्यांत दोन्ही प्रकार सापडतात, आणि कॉलर उचकटायला गेलात तर बॉटमचे आटे जातात. सील अडकलंच तर त्याच्या पत्र्यात बारीक भोक पाडून स्क्रू बसवा आणि तो धरून ओढा. उचकटताना बॉटमच्या काठावर लाकडाचा तुकडा ठेवा.

पाइपवरून नख फिरवा. सीलच्या वाटेवर खड्डे लागले तर नवीन सील टिकणार नाही. वाक अनेक मॅन्युअलमध्ये 0.2 मिमीपर्यंतच चालतो.

जोडताना तांब्याचा वायसर नवीन घाला, आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावा. बोल्टला साधारण 20 न्यूटन-मीटर पुरतात, त्यापेक्षा जास्त आवळलात तर पुढच्या वेळी हीच कसरत. सील चढवताना पाइपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढा, म्हणजे सीलचा ओठ (आतली पातळ कड) कापला जात नाही. तेल मॅन्युअलमध्ये दिलेलंच, दोन्ही बाजूंना मोजून सारखं. ॲक्सलच्या टोकाला क्लॅम्प असेल तर तो सगळ्यात शेवटी, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबल्यावर आवळा. आधीच आवळला तर दोन्ही पाइप समांतर राहत नाहीत आणि नवीन सील एकाच बाजूने झिजतं.