डिसेंबरात प्रागला जाताय?

तीनच दिवसांसाठी निघाला आहात, तर आधी बुटांचं बघा. जुन्या शहरात सगळीकडे दगडी फरसबंदी. दव गोठलं की पाय सटकतो, आणि साध्या स्पोर्ट्स शूजमधून गारठा थेट तळव्यात शिरतो. चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चार्ल्स पूल सकाळी साडेसातला गाठा. दिवे अजून लागलेले, व्ल्तावा नदीवर धुकं, पुतळ्यांच्या खांद्यांवर बर्फाची पांढरी कड... मी अर्धा तास तिथे नुसती उभी होते. १४१० च्या खगोलीय घड्याळासमोरची गर्दी मात्र मला सोसली नाही. तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे; पैसे रस्त्यावर कुणाकडून बदलून घेऊ नका, मी फसले आहे. आणि लसणाचं गरम सूप जरूर प्या, जीव तरतरीत होतो.