वाचकांचे प्रश्न : साडेसात लाखांची पदवी

प्रश्न : मुलाला पुण्याजवळच्या खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा मिळतेय. साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज काढावं लागेल. नोकरी लागून ते फिटेल का? – एक पालक, बार्शी

उत्तर : आधी रक्कम नीट मांडू. बँक चार वर्षं, वर्षाला १,८७,५०० रुपये कॉलेजच्या खात्यात भरणार असं धरा. हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो; व्याज मात्र पैसे सुटल्या दिवसापासून चढतं. १० टक्के सरळ व्याजाने पाच वर्षांत ते २,६२,५०० होतं. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर १०,१२,५०० रुपये. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे १३,४०० रुपये. शिकत असतानाच व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी महिना १,५६० च्या आसपास, चौथ्या वर्षी ६,२५०) तर तोच हप्ता ९,९०० वर येतो. शिवाय बऱ्याच बँका त्या काळात व्याजात १ टक्का सूट देतात. शाखेत आपणहून विचारा.

हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसवायचा तर १३,४०० साठी हातात ४० हजार पडायला हवेत. तेवढा पगार तिथल्या किती मुलांना मिळतो, हा खरा प्रश्न. कॉलेजच्या फलकावरचं 'सर्वाधिक पॅकेज' एकाच मुलाचं असतं, त्याकडे बघूच नका. मागच्या तीन वर्षांचे आकडे, तेही त्याच शाखेचे, मागा : वर्गात किती मुलं, प्रत्यक्ष रुजू किती झाली, पगार उतरत्या क्रमाने लावले तर मधल्या मुलाचा पगार किती. ऑफर लेटर हातात पडलं म्हणजे रुजू झाला असं नव्हे. शाखेला एनबीए (तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन आहे का आणि शेवटच्या वर्षी सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते का, हेही पाहा. नुसत्या प्रमाणपत्रापुरत्या इंटर्नशिपने मुलाखतीत निभाव लागत नाही.

आमचा सल्ला : कोट्याची जागा धरण्याआधी कॅपच्या (गुणवत्तेनुसार होणाऱ्या सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) सगळ्या फेऱ्या पाहा. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून प्रवेश घेतलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मी शिक्षण फी मिळू शकते. मॅनेजमेंट कोट्यात ती मिळत नाही. कर्ज साडेतीन लाखांवर आलं तर वरच्याच हिशेबाने हप्ता ६,२५० च्या आसपास राहतो.

आणि सहकर्जदार म्हणून तुमची सही असेल. मुलाचे हप्ते थकले की सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीवरून बँका बघतात तो गुणांक) तुमचाही घसरतो. पुढे घरासाठी कर्ज काढायचं असेल तर हे आत्ताच ध्यानात घ्या.