पागेतली धूळ: जमीन उकरण्याआधी बॅटरी लावून बघा

प्रश्न: कळमेश्वर तालुक्यात माझ्याकडे वरातीच्या तीन घोड्या आहेत. पागेची जमीन काळी, वर मुरूम टाकलेला, आणि दर आठवड्याला शेणानं सारवतो. तरी दिवाळी झाली की धुरळा सुरू होतो. एक घोडी सकाळी चारा खाताना ठसकते. सगळं काढून सिमेंटचा कोबा करू का? दुसरा प्रश्न काटोलकडच्या एका पशुपालकाचा: खाली धानाचं तूस अंथरलं तर चालेल का?

उत्तर: रामराम. आधी घोडीचं बघू, जमिनीचं नंतर. ठसका चाऱ्याच्या वेळीच लागत असेल, तर धुळीचा संशय रास्त आहे. पण नाकातून घट्ट, चिकट स्राव येत असेल, जबड्याखाली गाठी लागत असतील किंवा ताप असेल, तर तिला त्याच दिवशी वेगळी बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ही ग्लँडर्सची लक्षणं असू शकतात. हा रोग माणसालाही होतो आणि तो कायद्यानं कळवावा लागतो. तिथं जमीन बदलून काही साधत नाही.

आता धूळ. रात्री पागेतला दिवा बंद करा, बॅटरी लावा आणि तिच्या झोतात बघा. एकदा नुसतं, एकदा गवताची पेंढी झटकून, एकदा झाडू मारून. झोतात कण कधी उसळतात ते तुम्हालाच दिसेल. बहुतेक पागांत निम्मी तक्रार जमिनीची नसतेच. ती असते माळ्यावर रचलेल्या गवताची, बुरशी धरलेल्या पेंढीची आणि घोडी आत बांधलेली असताना मारलेल्या कोरड्या झाडूची. घोडा तोंडानं श्वास घेत नाही, फक्त नाकानं घेतो. नाक दिवसभर चाऱ्यात असतं, म्हणून चाऱ्यातली धूळ थेट आत जाते. गवत दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून, निथळून द्या. उरलेलं ओलं गवत मात्र उन्हाळ्यात दुसऱ्या वेळेला ठेवू नका, ते आंबतं. एवढ्यानं आठ-दहा दिवसांत ठसका कमी झाला, तर जमिनीचा खर्च निवांत करता येईल.

तरी जमिनीतून धूळ येतच असेल, तर तिचं कारण तुमच्या सारवणातच आहे. गोठ्यात सारवण टिकतं, पण नाल ठोकलेल्या टापेखाली त्याचे पापुद्रे निघतात आणि सुकलं शेण पिठासारखं उडतं. त्याखालची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून वरचा मुरूम कधी बसतच नाही. धुरळा दबावा म्हणून रोज पाणी शिंपडणारेही भेटतात. लघवीच्या जागी ते पाणी मुरलं की अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि धुळीनं आधीच चिडलेल्या श्वासनलिकेला तो आणखी लागतो.

कोब्यानं धूळ थांबते, हे खरं. पण मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एकाला गुळगुळीत कोबा सुचवला होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याची घोडी घसरून गुडघ्यावर पडली. तेव्हापासून उघडा कोबा मी सुचवत नाही. रात्रभर कडक जमिनीवर उभं राहून घोडीचे पायही धरतात. कोबा आधीच झाला असेल तर फोडू नका, खरबरीत करून वर रबराची चटई टाका.

नव्यानं करायचं तर असं करा. १२ बाय १२ फुटांच्या खणातली काळी माती आठ-दहा इंच काढून टाका. खाली चार इंच गिट्टी, त्यावर मुरूम तीन-तीन इंचांच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसानं ठोकलेला. जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा निदान सहा इंच उंच हवी आणि मोरीकडे १२ फुटांना दोन-तीन इंच उतार. सगळ्यात वर क्रशरची चुरी इंच-दीड इंच, तीही ठोकून. चुरी उघडी मात्र ठेवू नका. दगडाची ती बारीक भुकटी मातीपेक्षा वाईट. तिचं काम चटईला सपाट बैठक देणं, एवढंच.

चटई १७ ते २० मिलिमीटर जाडीची घ्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत फट न सोडता बसवा. नवी परवडत नसेल तर कोळसा खाणीतला जुना कन्व्हेअर पट्टा भंगारात मिळतो का बघा. आपल्याकडे उमरेड-सावनेर भागात खाणी आहेत. पट्ट्यात पोलादी तारा असतील तर घेऊ नका. त्या कडेनं बाहेर येतात, आणि धनुर्वाताला घोड्याइतकं बळी पडणारं जनावर दुसरं नाही. गुळगुळीत बाजू खाली घाला. महिन्यातून एकदा पट्टा उचलून खालची लघवी धुवायची. हे काम मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा गडी, टाळतो, म्हणून तुम्ही स्वतः उभे राहा.

चटई टाकली तरी अंथरूण लागतंच, फक्त लघवी शोषण्यापुरतं. रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या जाड छिलक्या उत्तम. आरा मशीनचा बारीक भुसा नको, प्लायवूडच्या कारखान्यातला तर मुळीच नको, त्यात गोंद असतो. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, लांब, कोरडी आणि बुरशी नसलेली असेल तर चालते. गाभण घोडी विण्याच्या वेळी मी तणसच सांगतो, कारण छिलक्या ओल्या शिंगराच्या नाकातोंडाला चिकटतात. गव्हाचं कुटार अंथरू नका, थ्रेशरमधून येतानाच ते अर्धं धूळ असतं.

काटोलकरांना: तूस स्वस्त आहे, भंडारा-गोंदियाकडून गाडीच्या गाडी येते, हे मला माहीत आहे. पण त्यात सिलिका भरपूर, बारीक कोंडा मिसळलेला, आणि घोडा चाळा म्हणून ते खातो, मग पोट बांधतं. आणलंच असेल तर शेणखताच्या ढिगात घाला.

एप्रिल-मेमध्ये कूलर लावाल तेव्हा झोत अंथरुणावर पडू देऊ नका, घोडीच्या पाठीच्या वर राहू द्या. खाली पडलेला झोत रात्रभर तीच धूळ फिरवतो. चारा उंच जाळीत टांगू नका. मान खाली घालून खाल्लं की नाकातला शेंबूड खाली निथळतो. रुंद घमेल्यात, चटईवर द्या.

काम कधी काढायचं? चातुर्मासात घोड्या रिकाम्या असतात खऱ्या, पण ओल्या दिवसांत मुरूम बसत नाही. पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात सुरू करा. तुळशीचं लग्न लागलं की तुमच्या घोड्यांना फुरसत नाही, त्याआधी तिन्ही खण होतील. पहिला खण ठसकणाऱ्या घोडीचा घ्या.