दाखला मागाहून येऊ दे

प्रश्न : बाई, आमच्या गावाबाहेर दरवर्षी बीडकडची ऊसतोड टोळी उतरते. यंदा तिथल्या एका कोपीतली, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली, नऊ-दहा वर्षांची मुलगी रोज आमच्या ओसरीवर येऊन माझ्या नातवाची पुस्तकं वाचत बसते. तिसरी झाली म्हणते. तिला मी शाळेत घेऊन गेले, तर आधी दाखला आणा, आधार कार्ड आणा म्हणाले. वर दोन पालकांनी ऐकवलं, ‘चार महिन्यांसाठी ही पोरं कशाला? आमच्या मुलांच्या डोक्यात उवा होतील.’ मी काय करू?
— एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर : ताई, तिला पुन्हा घेऊन जा. उद्याच. आईबाप पहाटेच उसाच्या फडावर जातात, सोबत येणं त्यांना जमायचं नाही. म्हणून आज संध्याकाळी कोपीवर जाऊन साध्या कागदावर अर्ज लिहा आणि खाली आईची सही किंवा अंगठा घ्या.

2009चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू आहे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावं लागलं आणि दाखला यायला उशीर झाला, तर त्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, असं कलम 5 सांगतं. वयाचा पुरावा नसला तरी नाही म्हणता येत नाही, ते कलम 14. वर्ष मध्यावर आलंय हेही कारण चालत नाही. आणि आधारवाचून कुठल्याही मुलाचा प्रवेश अडू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलंय. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे तर या कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे जिल्हा परिषदेसारख्या संस्थेचं, कामच ठरवलंय. तेव्हा मुख्याध्यापकांना म्हणा, नाव घाला, दाखला मागाहून येईल.

मी सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. एका हंगामात अशीच एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या उंबऱ्याशी उभी राहिली. मोळ्या बांधून बोटांवर पाचटाचे चरे उठलेले. मी तिला आत घेतलं, पण बसवलं दाराशी, भाऊ रडला तर बाहेर नेता यावं म्हणून. दुपारी खिचडीची पंगत बसली तेव्हा बघते तर तिच्या आणि शेजारच्या मुलीच्या मध्ये हातभर जागा मोकळी. मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सकाळी मी तिला वेगळी बसवली, तेवढं त्यांनी बरोबर टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या ओळीत घेतलं आणि पंगतीत त्या मोकळ्या जागेत माझं ताट घेऊन मीच बसले. ती हातभर जागा मला अजून दिसते. म्हणून सांगते, नाव पटावर चढलं की आपलं काम झालं असं समजू नका. ती कुठे बसते, कुणाशेजारी जेवते, हे अधूनमधून जाऊन बघा.

त्या पालकांशी भांडू नका. ऊ काही घर बघून येत नाही. एक फणी घ्या आणि सगळ्याच मुलांची डोकी बघायला सांगा.

संयुक्त राष्ट्रांनी 20 नोव्हेंबर 1989 रोजी बालहक्कांचा करार मंजूर केला आणि 1992मध्ये भारताने तो स्वीकारला. त्याच्या दुसऱ्याच कलमात मुलाच्या वंश-धर्माबरोबर त्याच्या आईबापांचा वंश, मिळकत, सामाजिक मूळही मोजलं आहे. आईबाप कोण आहेत, काय करतात यावरून मुलाला शिक्षा नको, असं ते कलम सांगतं. अमेरिकेने हा करार अजून मंजूर केलेला नाही, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली टेक्सास राज्याला हेच बजावलं होतं. कागदपत्रांशिवाय देशात आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा नाकारता येणार नाही, आईबापांच्या वागण्याचा भार मुलांवर टाकू नका. मग आपल्याच राज्यातल्या, दोन-तीन जिल्हे ओलांडून आलेल्या मुलीला आपण कागद कसले विचारतो?

शाळेने तरीही नकार दिला तर केंद्रप्रमुखांना फोन करा, नाहीतर गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. रीतसर तक्रारीच्या निकालाला कायद्याने तीन महिन्यांची मुदत आहे, तोवर टोळी परतायची वेळ येईल. म्हणून फोन आधी, कागद मागाहून. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइनही आहे. आणि ती गावी परत निघेल तेव्हा शाळेकडून शिक्षण हमी कार्ड आठवणीने घ्या, म्हणजे इथली हजेरी तिकडच्या शाळेला कळेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. तिला धाकटं भावंड आहे का? असेल तर आधी त्याचं नाव अंगणवाडीत घाला. अगदीच तान्हं असेल तर शाळा सुटेपर्यंत तुमच्या ओसरीवर त्याची सोय होईल का, बघा. नाहीतर चार दिवसांत ती पुन्हा कोपीवर बसलेली दिसेल, त्याला मांडीवर घेऊन.