साक्षगंधाचं शूट चिखलदऱ्यात का घरच्या बागेत?

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मोर्शी तालुका, सहा एकर, डिसेंबरात साक्षगंध म्हणजे साखरपुडा, अमरावतीच्या फोटोग्राफरनं चिखलदऱ्याच्या एका दिवसाचे 38 हजार सांगितले, वरून गाडी, रूम, भाड्याचा गाऊन धरून हिशोब 50 हजारावर चालला, अन् पैसे कुठले तर पहिल्या वेच्याचा कापूस विकला ते. गावाजवळचा एक पोरगा अर्ध्या दिवसाचे 9 हजार म्हणतो, पण त्याचं काम तुम्हाला साधं वाटते.

हौस करा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण कापसाचे ते पैसे तुमचे नाहीत बाप्पा, कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचे आहेत. दीड लाख पीककर्ज, मुदत मार्चअखेर, हे तुम्हीच लिहिलं. 3 लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं की केंद्राची सूट अन् राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येते. थकलं की सवलत गेली, दीड लाखावर वर्षाचं व्याज बसलं, अन् पुढच्या खरिपाचं नवं कर्ज अडकलं ते वेगळंच, मग बियाणं-खत उधारीत उचला, अन् उधारीचा भाव काय लागते ते मी तुम्हाला काय सांगू. तूर निघाली की भरू म्हणाल, पण तूर अजून उभी आहे, चार दिवस आभाळ राहिलं अन् शेंगेत अळी शिरली तर?

चिखलदरा मलाही आवडते. पण डिसेंबरात तिथं सकाळी काय थंडी असते, त्यात बिनबाह्यांचा गाऊन घालून पोरगी काकडून राहिली अन् वरून "स्माईल द्या" म्हणायचं, याला काय अर्थ आहे. पॅकेजमधल्या ड्रोनचंही विचारून घ्या, भोवताल सगळा मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे, परवानगीशिवाय उडवता येत नाही, म्हणजे पैसे ड्रोनचे अन् ड्रोन पेटीतच.

फोटो चांगला येतो तो कोवळ्या उन्हानं. सकाळी सात ते साडेआठ नाहीतर संध्याकाळी साडेचार ते साडेपाच, बास. तुमच्या धुऱ्यालगत संत्र्याची 80 झाडं आहेत म्हणता, आंबिया बहाराचं फळ पिवळं धरून राहिलं असेल, यापेक्षा चांगलं बॅकग्राउंड 50 हजारात तरी कुठं मिळते! घरचेच कपडे, थर्मासात चहा, सोबत एखादी बहीण, गर्दी नको. अन् एवढ्या लांब मेसेजमध्ये होणाऱ्या वहिनींना काय पायजे हे एका ओळीतही नाही, काहून? आधी त्यांना फोन लावा.

माझं मत, 9 हजारवाला घ्या. त्याच्याकडून आधी एका जोडप्याचे सगळे फोटो मागा, निवडक दहा नको. एडिट केलेले किती देणार, कधी देणार हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, अॅडव्हान्स 3 हजाराच्या वर नाही. लग्नाचंही काम त्यालाच द्यायचं असेल तर दोन्हीचा भाव एकत्र करा, तो कमी करेल. दीड लाख मात्र आजच वेगळ्या खात्यात टाका.

अन् हो, तारीख ठरवायच्या आधी बागेच्या व्यापाऱ्याला विचारा तोड कधी आहे, नाहीतर फोटोत नुसती पानंच येतील.